खोट्या मांडवातला धवला

वेणूबाईनं आयुष्यात खोटं लग्न कधी लावलं नव्हतं, आणि सत्तरी उलटल्यावर तो उद्योग करायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

पनवेलच्या खाडीकडच्या आगरी गावांत ती धवलारीण म्हणून ओळखली जाई. धवलारणीनं मांडवात भटजीच्या जागी बसायचं, तांदळाचा चौक भरायचा, धवले गाऊन एकेका देवाला लग्नाला बोलवायचं आणि शेवटच्या धवल्याला नवरानवरीची गाठ बांधायची. कित्येक घरांत भटजीला बोलावणंच नसे. तिच्या स्वतःच्या मुलाचं, कमळाकरचं लग्नही असंच लागलं. ठरलेली धवलारीण तापानं पडली, म्हणून वरमाईनंच गायलं आणि मैना सून होऊन घरात आली.

वेणूबाईची एक खोड मात्र साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. गाठ बांधायच्या आधी ती नवरीच्या कानाशी वाकायची आणि विचारायची, "तुज्या मनात हाय ना?" जमलेल्या बायका पदराआड हसायच्या. जेवणाच्या पंगती बसायच्या वेळी कुठल्या पोरीची छाती आहे नाही म्हणायची? तरी वेणूबाई विचारायची, आणि पोरगी मान हलवेपर्यंत गाठीला हात लावायची नाही.

पुढे डीजे आला, हळदीला दारूच्या पेट्या आल्या, आणि धवलारणीची बोलावणी आटली. तेवढ्यात कमळाकरचा मुलगा, तिचा नातू मितेश लग्नांच्या इव्हेंटच्या धंद्यात पडला. शहराबाहेरच्या वॉटर पार्क रिसॉर्टवर वेडिंग एक्स्पो भरणार होता. तिथं त्यानं स्टॉल घेतला, आणि स्टेजवर 'पारंपरिक आगरी लग्न' दाखवायचं कबूल करून बसला. धवले कोण म्हणणार, हे आजीला सोडून सगळ्यांना आधीच माहीत होतं.

"आजी, नुसता डेमो हाय," तो म्हणाला.

"धवले गायले की देव येतान रं. आल्यावर त्यांना काय सांगू, फोटो काढायला बोलवलं म्हनून?"

दोन दिवस ती हटून बसली. शेवटी नातवाचं उतरलेलं तोंड बघवेना, तेव्हा तिनं एक अट घातली. नवरानवरी म्हणून उभे राहतील ते आधीच नवराबायको असले पाहिजेत, म्हणजे धवला लागला तरी कुणाचं काही बिघडायचं नाही. मितेशनं करंजाड्याची कोमल आणि तिचा नवरा जगन यांना ठरवलं. कोमल मितेशच्या बहिणीची, मनस्वीची मैत्रीण. वेणूबाईचा जीव भांड्यात पडला.

एक्स्पोच्या दिवशी सगळं घर रिसॉर्टवर लोटलं. हिरवळीवर स्टॉलच स्टॉल. कुणी फुलांच्या कमानी विकत होतं, कुणी नवरीला आकाशातून खाली उतरवणारा पाळणा. वेणूबाईला वाटलं, एवढ्या सोंगात आपलं एक खपून जाईल. मागं भला मोठा झोपाळा फिरत होता. माणसं पैसे मोजून त्यात बसत होती आणि वर गेली की कुणी मारल्यासारखी ओरडत होती.

कमळाकर आला होता तो हॉल बघायला. मनस्वीचं उलव्याच्या एका कंत्राटदाराच्या घरी जवळजवळ जमलं होतं, येत्या रविवारी सुपारी फुटायची होती. मनस्वी हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. तिचं गप्प राहणं घरानं होकारात जमा करून टाकलं होतं. गावच्या पोरींना विचारत फिरणाऱ्या आजीनंही तिला विचारलं नव्हतं. मांडवात विचारीनच की, असं ती मनाशी म्हणाली होती.

तिसऱ्या प्रहरी वेणूबाई स्टेजवर चढली. माईक आधीच तिच्या पदराला लागला होता. तालमींना तो लावून द्यायला मितेशचा साऊंडवाला अवधूत येई, आज दुसराच कुणी आला. अवधूत तळोज्याचा. बाप कारखान्यात पाळीवर, घर मूळचं घाटावरचं. पोरगा मान खाली घालून काम करणारा होता, एवढंच तिला ठाऊक होतं.

तिनं चौक भरला, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

*पयलं बोलवनं गो गावदेवी माये,*
*तुज्याबिगर मांडवाला सावली नाये.*

आवाज आधी कापला, मग स्थिरावला, आणि हिरवळीवरची गडबड हळूहळू थांबली. नवरानवरी येऊन पाटांवर उभी राहिली. दोघांच्या माना खाली, मुंडावळ्या दाट, वरून दिव्यांचा झगझगाट. वेणूबाईनं ओंजळीत तांदूळ द्यायला नवरीचा हात धरला आणि तिचे शब्द तोंडातच राहिले.

मधल्या बोटाचं नख काळंनिळं होतं. गेल्या आठवड्यात ते दारात चेमटलं तेव्हा त्यावर हळद तिनंच भरली होती.

पदरावरचा माईक मुठीत दाबून तिनं वर पाहिलं. मुंडावळ्यांच्या आड मनस्वी होती, आणि तिच्या शेजारी फेटा बांधून अवधूत उभा होता.

"आजी, थांबू नको," स्टेजच्या कडेवरून मितेश दबक्या आवाजात म्हणाला. "कोमल आजारी पडली. मनूच म्हनाली, मी उभी रातंय, फेटा अवधूतला बांध. चालू दे गो."

मनस्वीनं मान आणखी खाली घातली. "कोमल बरी आहे," ती जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली. "मीच तिला येऊ नको म्हटलं. बाबा ऐकणार नाहीत, आजी. पण तू लावलेलं लग्न तूच खोटं म्हणणार नाहीस."

पोरीचं मन कुठं गुंतलंय ते वेणूबाईला कळलं. आधी आला तो राग. ज्या पोरीला अंगाखांद्यावर खेळवलं तिनं आपल्याला फसवून स्टेजवर उभं केलं होतं, आपली श्रद्धा हेरून. मग आली भीती. समोर पहिल्या रांगेत कमळाकर मोबाईल धरून शूटिंग करत होता, आईकडं बघून कौतुकानं मान डोलावत होता. त्याच्या घरात ती राहत होती, त्याच्या हातचा घास खात होती. हा धवला पुरा झाला तर त्याला तोंड कसं दाखवायचं? आणि अर्ध्यात सोडला तर बोलावलेल्या देवांना काय सांगायचं? इकडे आड, तिकडे विहीर.

मागं झोपाळा वर गेला आणि माणसं किंचाळली.

गात राहणं तेवढं हातात होतं, म्हणून माईकवरची मूठ सोडून ती गात राहिली. देवांची हाक तिनं लांबवली. खाडीच्या देवाला बोलावलं, मिठागराच्या राखणदाराला बोलावलं. विमानतळाच्या धावपट्टीखाली जी गावं गेली, त्यांच्या गावदेव्यांनाही नावं घेऊन हाका मारल्या. ती नावं ऐकून मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांना रुमाल लावले. अँकर पोरगी हातातलं घड्याळ दाखवत होती. शेवटी देव संपले. बोलवायला कुणी उरलं नाही, आणि गाठ तेवढी राहिली.

मितेशनं गाठीला पिन दिली होती, शेला आणि पदर नुसता अडकवायला. वेणूबाईच्या मुठीत ती पिन घामानं ओली झाली.

तिनं अवधूतकडं निरखून पाहिलं. पोराचा चेहरा पांढरा पडला होता, पण नजर त्यानं चुकवली नाही. पळून जाऊन हे दोघं कुठंही लग्न लावू शकले असते. तसं न करता ते तिच्यापुढं येऊन उभे राहिले होते, हे तिच्या आता कुठं ध्यानात आलं. राग गेला नाही, पण त्याच्या शेजारी दुसरंही काही येऊन बसलं.

ती नवरीच्या कानाशी वाकली. पदराला माईक आहे हे ती विसरली नव्हती.

"तुज्या मनात हाय ना?"

प्रश्न साऱ्या हिरवळीवर घुमला. अँकर खुदकन हसली. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग.

"हाय, आजी," मनस्वी म्हणाली. लहानपणी बोलायची त्या बोलीत, मोठ्यानं.

"आनि तुज्या?"

"हो, आहे," अवधूत म्हणाला.

टाळ्या पडल्या. एकट्या मैनानं वाजवल्या नाहीत. ती खुर्चीतून उठली आणि लेकीकडं एकटक बघत उभी राहिली.

वेणूबाईनं पिन खाली टाकली. शेल्याचं टोक आणि शालूचा पदर हातात घेतला, शेवटचा धवला म्हटला आणि गाठ मारली. मग तिच्यावर आणखी एक मारली. तांदूळ पडले, बँडवाल्यानं सूर लावला आणि कार्यक्रम झाला. मितेशच्या स्टॉलपुढं लोकांची रीघ लागली.

कमळाकर हसतच स्टेजवर आला. "आये, काय झकास केलंस. मनू तर खरीच नवरी वाटत होती. ह्यो व्हिडिओ उलव्याच्या पावन्यांना धाडतंय."

"नको धाडू," वेणूबाई म्हणाली. "लागल्या लग्नाची नवरी दुसऱ्यांना दाखवत नाय."

तो हसला. मग त्यानं पोरीकडं पाहिलं. स्टेज रिकामं झालं होतं, तरी मनस्वीनं गाठ सोडली नव्हती, आणि अवधूत त्याच्या पाया पडायला वाकला होता. कमळाकर एक पाऊल मागं सरला. हसू त्याच्या तोंडावरून उतरायला थोडा वेळ लागला.

"आये, नाटक होतं ते." त्याचा आवाज चढला. "त्या घाटावरच्याला मी जावई मानू? डेमो होता तो. खोटा मांडव, खोटी नवरी. तूच सांग यांना."

आज घरी गेल्यावर काय वाढून ठेवलंय ते वेणूबाईला दिसत होतं. उद्या कदाचित घर सोडायची पाळी येईल, तेही दिसत होतं. तिनं मागं उभ्या राहिलेल्या मैनाकडं बघितलं आणि मग लेकाकडं.

"तुजं लगीन मीच लावलं," ती म्हणाली. "भट नव्हता, कागद नव्हता. ह्येच धवले होते, आनि ह्येच तोंड. ह्ये नाटक आसंल, तर ती तुजी कोन, ते तिला सांग."

कमळाकरनं बायकोकडं पाहिलं. मैनाही त्याच्याकडंच बघत होती, उत्तराची वाट बघत. त्याच्या हातातला मोबाईल अजून चालूच होता. त्यानं तो बंद केला आणि खिशात ठेवला.