कोळसा, इंधन, चरबी

इंग्रजी लिहिताना पोरं अडली की मी शहाणपण शिकवत नाही, कॉर्पस उघडून देते. संगणकात ढीगभर शोधनिबंध साठवलेले असतात. एक शब्द टाकला की तो असलेली सगळी वाक्यं एकाखाली एक येतात. जाणकार कसं लिहितात ते बघायचं आणि तसं लिहायचं. बेळगावच्या आमच्या कॉलेजात निम्मी पोरं मराठी माध्यमाची, निम्मी कन्नड. इंग्रजीपुढं सगळ्यांचीच बोबडी वळलेली. त्यांना हे औषध बरोबर लागू पडतं.

वडगावच्या मागावर कापड विणणाऱ्या बायकांवर प्रबंध लिहिणारी काकतीची एक मुलगी होती. तिची आक्का वडगावातच दिलेली. दाजीनं तिला मागाच्या खोलीत पेट्रोल ओतून पेटवलं आणि हिनं ते दारातून पाहिलं. आक्काचं लेकरू त्या घरात, म्हणून बापानं तडजोड केली. गॅसचा भडका उडाला, असं सगळ्यांनी सांगितलं आणि हिला गप्प बसवलं. प्रबंधात मात्र तिनं सरळ लिहिलं, त्यानं माझ्या बहिणीला जाळलं.

विभागप्रमुखांनी ते वाक्य खोडलं. भाजून मृत्यू झाल्याचे समजते, असं लिही म्हणाले. शोधनिबंधात असलं कुणी लिहीत नाही. माझं डोकंच फिरलं. त्यांच्या तोंडावर पुरावा फेकायचा म्हणून आम्ही दोघी कॉर्पसपुढं बसलो आणि 'जाळलं'चा इंग्रजी शब्द टाकला. कोळसा जाळला, इंधन जाळलं, जंगल जाळलं, चरबी जाळली. आमच्याकडच्या सगळ्या ओळी संपल्या. माझंच औषध माझ्यावर उलटलं होतं.

"मॅडम, हितं बाई जळतच न्हाय," ती म्हणाली.

मग तिनं विचारलं, आमचे प्रबंधही यात जातात का? जातात, मी सांगितलं. तर माझं वाक्य हाय तसंच जाऊ दे, म्हणाली. गुण कापले तरी चालतील. प्रमुखांनी कापलेच.

कॉलेजच्या परिसंवादात तिनं ते वाचलं. बातमी वडगावला गेली आणि तिथून काकतीला. दुसऱ्या दिवशी बाप आला. व्हरांड्यात केसाला धरून त्यानं तिला भिंतीवर आपटलं. मी मध्ये पडले, तर एक माझ्याही कानाखाली बसली. जाळलं म्हणून तुला कुणी सांगितलं, एवढंच तो विचारत होता आणि मारत होता.

तिचा ओठ फाटला होता. रक्त पुसत ती म्हणाली, "आप्पा, मी बघितलंय. आन् आक्कानं मरताना तुमच्याच कानात सांगितलंय. मी निस्तं लिवलं."

त्यानं तिला आणखी एक ठेवून दिली. पण कुणी सांगितलं, हे पुन्हा विचारलं नाही.