खिडकीतला जाधव

तीस वर्षं फायली उपसल्या, पण रिटायर होताना घरी आले ते नुसते किस्सेच. एक सांगायला घ्यावा तर मागून चार ढकलत पुढे येतात. आज मात्र एकाच ऑफिसातले सांगतो. भोरचं सरकारी ऑफिस, साठच्या दशकातलं. खातं कुठलं ते विचारू नका, पेन्शन चालू आहे!

०

आम्ही दोन जाधव एकाच दिवशी क्लार्क म्हणून हजर झालो. मी खडकीत वाढलेला, बौद्ध. दुसरा तुकाराम, भोंगवलीच्या मराठा शेतकऱ्याचा मुलगा. वरून आलेल्या पत्रात एवढंच होतं, की दोघांपैकी एक राखीव जागेवरचा आहे. कोणता, ते लिहायचं राहिलं होतं!

हेडक्लार्क भाऊसाहेबांनी आम्हाला नखशिखांत न्याहाळलं. माझा शर्ट इस्त्रीचा, तुकारामच्या सदऱ्याला ठिगळ. माझं ‘नाही’, त्याचं ‘न्हाई’.

शिपाई गणपत म्हणाला, ‘इचारू का साहेब दोघांना?’

‘इचारायचं कशाला? माजी नजर चुकत न्हाई!’

०

दुपारी सगळे डबे घेऊन गोल करून बसायचे. मला गोलात जागा मिळाली, तुकारामला खिडकीपाशी एकट्याचं टेबल.

‘भेदभाव म्हणून न्हाई हां,’ भाऊसाहेब म्हणाले, ‘हितं वारा लई झकास येतो.’

‘मग तुमीच बसा की साहेब,’ तुकाराम भाबडेपणाने म्हणाला.

भाऊसाहेबांना सर्दी झाली होती म्हणे. ती पुढे दोन महिने टिकली.

०

ऑफिसात सत्यनारायण झाला. प्रसाद कोणी वाटायचा? भाऊसाहेबांनी मला पुढे केलं. ‘जाधव, तुमीच वाटा. घरचं वळण दिसतं माणसाचं.’

मी वाटत गेलो. भाऊसाहेबांनी दोनदा प्रसाद घेतला, वर बोटं चाटत म्हणाले, ‘हाताला गोडी हाय तुमच्या!’

तुकाराम दारात उभा होता. गणपतने त्याच्या ओंजळीत प्रसाद वरून टाकला.

०

हिर्डोशीची तपासणी निघाली. एसटीचा भरवसा नाही, पायपीट फार, म्हणून अर्थातच तुकारामला पाठवलं. दोन दिवसांनी तो खुशीत परत आला.

‘लई मान दिला बगा! पाटलाच्या घरी पाटावर बसवून जेवू घातलं. नाचणीची भाकरी, वर तूप!’

गावाला त्याचं घराणं ठाऊक होतं, दुसरं काय! पण भाऊसाहेब थक्क झाले. दिवसभर ज्याला त्याला सांगत होते, ‘खेडी किती सुधारली बगा! आपणच मागं राहिलो!’

जेवणाच्या सुट्टीत तुकाराम पुन्हा खिडकीपाशी.

०

तुम्ही म्हणाल, तू गप्प का बसलास? माझ्या लक्षात पहिल्याच दिवशी आलं होतं. पण नोकरी कायम व्हायची होती, आणि माझा गोपनीय अहवाल भाऊसाहेबांच्या हातात. आणि खरं सांगू? चौघांत बसून जेवताना बरं वाटायचं. ती जागा सोडवत नव्हती.

एकदा तुकारामने मला गाठलं. ‘जाधव, खरं सांगा, मलाच का बाजूला बसवत्यात? माजं काय चुकलं?’

‘उजेड चांगला आहे तिथं,’ मी म्हणालो.

आमच्या मागच्या पिढ्यांनी जे सोसलं, ते मी दुसऱ्याच्या पानात वाढून जेवत होतो.

०

मग एका दुपारी जेवणाच्या वेळेला तुकारामचे वडील ऑफिसात आले. डोक्याला फेटा, हातात तुपाचा डबा. पोरगा एकटाच जेवतोय हे बघून थबकले. तेवढ्यात त्यांची नजर भाऊसाहेबांवर गेली.

‘पाव्हणं, तुमी हितं? अवो, तुमची थोरली भन आमच्या चुलतभावाला दिलीया! म्हंजी आमचा तुकाराम तुमचा भाचाच की!’

भाऊसाहेबांचा घास हातातच राहिला. त्यांनी तुकारामकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तुकारामकडे. माझ्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा सगळा हिशोब जुळला होता. ते जरा मागे सरकून बसले.

मग उठले, हात धुतले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘जाधव, माफ करा. तुमच्यावर लई मोठा अन्याय झाला!’

दोन महिन्यांत ‘अन्याय’ हा शब्द त्या ऑफिसात पहिल्यांदाच ऐकला. जाधव म्हणून हाक आली, तसा सवयीने मीही उठून उभा राहिलो.

गणपत लगबगीने माझ्या कानाशी आला.

‘तुमी बसा साहेब. तुमच्यावर उद्यापासनं.’