काकांच्या विम्याचे नऊ दिवस

गाडीच्या कागदपत्रांवर इतकं मनापासून प्रेम करणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नसेल. माझ्या वडिलांचे हे जुने मित्र, म्हणजे आमचे काका, अंबडच्या एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळून निवृत्त झाले. सांभाळायची सवय मात्र निवृत्त झाली नाही. ओळखीतल्या प्रत्येक गाडीचा विमा कधी संपतो हे त्यांना तोंडपाठ. माझा वाढदिवस त्यांच्या कधी लक्षात राहिला नाही, पण माझ्या गाडीच्या विम्याची मुदत संपायच्या आठ दिवस आधी त्यांचा फोन ठरलेला. एका लग्नात जेवणं सुरू झाली तरी काका दिसेनात म्हणून शोधायला गेलो, तर ते पार्किंगमध्ये मोबाइलवर एकेका गाडीचा नंबर टाकून बघत होते. नवरदेवाच्या मामांच्या जीपचा विमा संपलेला निघाला. त्या भल्या माणसाच्या हातात गुलाबजामची वाटी, आणि काका शांतपणे सांगताहेत की दंड होतो, तीन महिने कैदही होऊ शकते, आणि कुणाला लागलं तर सगळी भरपाई मालकाच्या खिशातून. "विमा गाडीसाठी नसतो हो, समोरच्यासाठी असतो." मामांनी वाटी खाली ठेवली आणि तिथंच बसून फोनवरून विमा भरला.

भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, गंगापूर रोडच्या सिग्नलला काका पूर्ण वेळ थांबत. मागचा हॉर्न वाजवू लागला की हे खाली उतरून त्याच्या खिडकीशी जात आणि पाणी हवंय का विचारत. तोवर दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल झालेला असे.

अशा माणसाच्या हातून मागच्या उन्हाळ्यात अपघात झाला. मखमलाबादच्या रस्त्यावर सकाळी कुत्र्याला चुकवायला गेले आणि त्यांची गाडी एका मोटरसायकलला धडकली. मोटरसायकलवर झेंडूच्या जाळ्या बांधून बाजाराला निघालेला एक माळी होता. तो फुलांसकट रस्त्यावर पडला, पाय मोडला, शुद्ध गेली. आसपास कुणी नव्हतं. काकांनी त्याला कसंबसं उचलून गाडीत घातलं, सिव्हिल हॉस्पिटलला नेलं आणि तिथूनच आधी पोलिसांना आणि मग मला फोन केला.

मी पोचलो तेव्हा ते आपली कागदांची फाईल उघडून बाकावर बसले होते. विमा संपून नऊ दिवस झाले होते.

पोलीस अजून यायचे होते. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो की माझ्या गाडीला विमा आहे, धडक तिचीच झाली असं सांगू, त्या माळ्यालाही पैसे लवकर मिळतील. आज ते आठवलं की लाज वाटते. काकांनी फाईल बंद केली. "तुझ्या गाडीचा विमा मी खोटं बोलण्यासाठी भरायला लावला नव्हता," एवढंच म्हणाले. मग हवालदार आले. विमा नसल्याचं कलम त्यांना चटकन आठवेना, तर ते काकांनीच सांगितलं, शिक्षेसकट.

गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहिली. पुढे कोर्टात मी त्यांच्या मागच्या बाकावर होतो. काकांनी गुन्हा कबूल केला. इतके काटेकोर दिसता, मग विमा कसा राहिला, असं न्यायाधीशांनी विचारलं. काका म्हणाले, "विसरलो, साहेब. कारण काही नाही."

मी मनात तारखा मोजल्या. विमा संपला तो दिवस माझ्या वडिलांच्या बायपासचा होता. त्या आठवड्यात रक्तदाते जमवणं, औषधं आणणं, आईला घरी सोडणं, अतिदक्षता विभागाबाहेरच्या खुर्चीवर बसून राहणं, हे सगळं काकांनी केलं होतं. बाहेर आल्यावर मी म्हणालो की हे सांगायला हवं होतं, दंड तरी कमी झाला असता. ते म्हणाले, "मित्राच्या आजारपणाची पावती कोर्टात दाखवायची का?"

न्यायाधीशांनी कैद दिली नाही, दंड केला. माळ्याचा उपचार आणि बुडालेला हंगाम, विमा कंपनीनं दिलं असतं ते सगळं, काकांना भरावं लागलं. त्यासाठी गाडी विकली. पैसे द्यायला मखमलाबादला गेलो तेव्हा काठीवर टेकलेल्या त्या माळ्यानं पैसे हातात घेतले. "मी तर बेशुद्ध होतो," तो म्हणाला. "तुम्ही निघून गेले असते तर मला काय समजणार होतं, काका?" काकांनी त्याच्या पायाकडे बघून दुखतं का एवढंच विचारलं.

आता काका रोज संध्याकाळी चालत आमच्याकडे येतात आणि वडिलांना फिरायला नेतात. वडिलांना अपघात माहीत आहे, तारखा माहीत नाहीत. मी त्या सांगू नयेत असं काकांनी मला बजावलंय. त्यामुळे वडील त्यांची यथेच्छ थट्टा करतात. कालही जिना उतरताना म्हणत होते, "सगळ्या गावाचे विमे सांभाळलेस आणि स्वतःचा विसरलास, कमाल आहे तुझी."

"वय झालं रे," काका म्हणाले, आणि वडिलांचा हात धरून एकेक पायरी हळूहळू उतरू लागले.