पायवाल्यांचा पहिला वाडगा

पायवाल्यांना किळस यायला फार काही लागत नसे. साबणाला चिकटलेला केस, कपाच्या कडेवरचा ओठांचा ठसा, दुसऱ्याच्या कंगव्याचा वास, एवढं त्यांना पुरे व्हायचं. धुतलेला पेला ते पुन्हा धुवायचे, उजेडात धरायचे आणि बोट ठेवून म्हणायचे, "इथे राहिलं." बायकोने हे संसारभर ऐकलं. सुनेने घरात पाऊल टाकल्यावर आठवड्याच्या आत ऐकलं. आणि पंचाईत अशी की बोट खोटं नसायचं. डाग खरोखरच राहिलेला असायचा, त्यामुळे कुणाला उलटून बोलताही यायचं नाही.

पायवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. फर्निचरच्या कारखान्यात लेथवर उभं राहून ते टेबलांचे, खुर्च्यांचे, पलंगांचे पाय कातायचे. जन्मभर तेच. कधी फुलदाणी नाही, कधी खेळणं नाही, फक्त पाय. पण पाय असे की चार शेजारी शेजारी ठेवले तर आधी कातलेला कोणता, हे त्यांनाही सांगता येऊ नये. पुढे कारखान्याने लाकडाऐवजी लोखंडी नळीचे पाय लावायला सुरुवात केली. पायवाल्यांनी त्या नळ्यांकडे ताटात झुरळ निघाल्यासारखं पाहिलं आणि घरचा रस्ता धरला. नाव मात्र सोबत आलं. घरात वस्तू द्यायला येणारी माणसंही दारातून "पायवाले आहेत का?" असंच विचारायची.

ते घरी बसले आणि वर्षाच्या आत बायकोला पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात गेला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. बोलणं तुटक झालं. खाल्लेलं अर्धं आत जायचं, उरलेलं ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर, हनुवटीवरून गळ्यात. सून तिच्या गळ्याला टॉवेल बांधून चमच्याने भरवायची, "आ करा आई, हां, गिळा, शाब्बास" असं लाडीगोडीने बोलायची. त्या लाडीगोडीचीही पायवाल्यांना शिसारी यायची.

आडवळणाने सांगण्यात काही अर्थ नाही. पायवाल्यांना आपल्या बायकोची किळस येत होती. हनुवटीवरून उतरणारी ती लाळ आणि वरणासारखं पातळ काहीतरी बघितलं की त्यांचा घास घशातच अडकायचा. मग ते "मला भूक नाही आत्ता" म्हणून उठायचे आणि नंतर स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून, भिंतीकडे तोंड करून जेवायचे. मनाशी त्यांनी सोयीस्कर करार करून टाकला होता: ती पुन्हा नीट जेवायला लागली की आपण पुन्हा टेबलावर बसायचं. तोवर ओटा. यातलं कोणाला काही कळलेलं नाही, अशी त्यांची खात्री होती. घरातल्या प्रत्येक डागावर बोट ठेवणाऱ्या माणसाला आपलं तेवढं झाकून राहिलंय असं वाटावं, याला काय म्हणावं!

एक दिवस भांडी आवरता आवरता सून म्हणाली, "बाबा, माझी रजा या महिन्यात संपते. मग आईंचं दुपारचं जेवण तुमच्याकडे."

"बाई ठेवू या की एखादी."

"तेवढ्या एका जेवणापुरती कोण येणार? आणि अवघड काय आहे त्यात? चमचा भरायचा, तोंडात द्यायचा."

"आणि तोंडातून बाहेर आलेलं?"

"पुसायचं," सून म्हणाली. तिने दूध उतू गेलं तर पुसायचं म्हणावं इतक्या सहज म्हटलं. पायवाल्यांच्या अंगावर काटा आला.

बायको बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. संध्याकाळी ती त्यांना म्हणाली, "मला कुणी भरवायला नको. डावा हात आहे. वाडगा पळतो."

ते खरं होतं. तिने डाव्या हाताने खायचा प्रयत्न केला होता, पण स्टीलचा हलका वाडगा चमच्याचा धक्का लागला की टेबलभर पळत सुटायचा.

"जड द्या," ती म्हणाली. "लाकडाचा. कडा आत वळलेल्या."

पायवाल्यांना हायसं वाटलं. ती स्वतःच्या हाताने जेवली तर आपल्याला चमचाही धरायला नको आणि फडकंही नको. हवा खाण्याच्या निमित्ताने अंगणात गेलं की झालं. एवढ्यासाठी लेथ आणायचा? आणायचा! कारखाना सुटल्यावर मिळालेल्या पैशांतून त्यांनी लेथ मागवला.

लेथ आला आणि पायवाल्यांच्या कपाळावरच्या आठ्या दुप्पट झाल्या. "हे मशीन?" त्यांनी खोक्यात डोकावून विचारलं. "हे तर शिवणयंत्राचं पिल्लू आहे." सुटे भाग थर्माकोलात रुतवलेले होते आणि त्या थर्माकोलाच्या दाण्यांनी मागच्या खोलीची फरशी, त्यांचे मोजे आणि मिशा भरून गेल्या. लोखंड गंजू नये म्हणून कंपनीने वर पिवळं ग्रीस फासलं होतं. काय ते ग्रीस! हाताला लागलं की सुटायचं नाव नाही आणि वास असा, की एखादी ओली गोधडी महिनाभर ट्रंकेत कोंबून ठेवावी. माहितीपत्रकात एक गोरा माणूस स्वच्छ शर्ट घालून दात काढून हसत लेथ चालवत होता. पायवाल्यांनी ते पत्रक उलटं करून ठेवलं.

मग त्यांनी फडकी घेतली आणि मशीन पुसायला बसले. पूर्ण दोन दिवस पुसत होते. रॉकेलचा बोळा, मग कोरडं फडकं, मग मऊ सुती फडकं. दांड्याच्या खाचांतून, नटांच्या कडांतून, पट्ट्याच्या चाकामागून त्यांनी बोटाने ग्रीस उकरून काढलं. हात कोपरापर्यंत बरबटले. मध्येच ते स्वतःलाच "इथे राहिलं" म्हणायचे आणि पुन्हा घासायचे. दुसऱ्या दिवशी तर शीळ घालत होते. सुनेने बायकोची खुर्ची मागच्या खोलीच्या दारात आणून ठेवली होती, तेवढाच तिला विरंगुळा. ती बघत बसायची.

मशीनसोबत आलेल्या स्टँडचा पत्रा इतका पातळ की मशीन ठेवल्यावर ते थरथरायला लागलं. पायवाल्यांनी ते स्टँड भंगारात काढलं, जाड फळ्यांचं टेबल ठोकलं, खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवली, पाणसळ लावून बघितली आणि एका पायाखाली पाचर मारली. वीज जोडायला इलेक्ट्रिशियन आला. त्याने वायरचं आवरण दातांनी सोललं आणि तुकडे फरशीवर थुंकले, थू, थू, एकेक करून. पायवाले भिंतीला टेकून डोळे मिटून उभे राहिले. जाताना त्याने ओल्या बोटांनी त्यांच्या स्वच्छ दांड्यावर थाप मारली. "झकास मशीन आहे, काका!" तो गेल्यावर पायवाल्यांनी ती जागा तीनदा पुसली.

लाकूड तुतीचं होतं. कोपऱ्यावर रस्ता रुंद करताना झाड पाडलं होतं, त्यातला एक बुटका ओंडका त्यांनी उचलून आणला होता. त्यांनी तो लेथच्या दोन टोकांमध्ये आडवा धरला, जसा आयुष्यभर पाय धरला होता तसा. बटण दाबलं, टेकूवर पटाशी टेकवली आणि साल उडायला लागली. सालीखाली ओलं, घामट लाकूड. त्याचा आंबूस रस त्यांच्या तोंडावर फवारत होता. तेवढ्यात पटाशीखाली काहीतरी फचकन फुटलं आणि त्यांच्या चष्म्यावर पांढरा चिकट ठिपका येऊन बसला. जाडजूड अळी होती. अर्धी लाकडात वळवळत होती, अर्धी चष्म्यावर.

"शी! शी! शी!" पायवाले मशीन बंद करून खोलीभर नाचले.

दारातली खुर्ची हलत होती. बायको हसत होती, वाकड्या तोंडाने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. झटका आल्यानंतर ती अशी हसलेली त्यांनी बघितली नव्हती. पण हसताना तिच्या ओठांतून लाळ गळली आणि पायवाल्यांनी चष्मा पुसण्याच्या निमित्ताने पाठ फिरवली.

बाहेरून गोल झाल्यावर ओंडक्याचं एक टोक लोखंडी तबकडीला स्क्रूंनी आवळून त्यांनी आतून कोरायला घेतलं. पटाशी ओढत होती, अडकत होती, खरवडत होती. अंगात मुरलेला कारागीर म्हणाला असता, थांब, लाकूड काहीतरी सांगतंय. पायवाले म्हणाले, "भिकार मशीन." आणि जोर लावला. वाडगा झाला मात्र देखणा: पिवळाधमक, बुडाला रुंद, हातात घेतल्यावर भरीव, कडा आत झुकलेल्या. भुशात ठेवून त्यांनी तो वाळवला. वाळल्यावर तळाच्या मधोमध केसासारखी एक बारीक चीर दिसली. पायांच्या बुडाला अशा चिरा पडतातच. त्या जमिनीवर टेकतात, कोण वाकून बघतंय? पायवाल्यांनी काचकागद मारला, खायच्या तेलाचे हात दिले आणि निर्धास्त झाले. ज्या माणसाच्या बोटाला जगातला प्रत्येक डाग सापडायचा, त्याने या चिरेवर बोट ठेवून पुढे सरकवलं.

सुनेची रजा संपली. ती सकाळी भाजीचं सूप करून कामाला गेली. दुपारी पायवाल्यांनी सूप गरम केलं, वाडग्यात ओतलं, बायकोच्या पुढ्यात ठेवलं, तिच्या डाव्या हातात चमचा दिला आणि दाराकडे वळले.

"बसा," ती म्हणाली.

"जरा हवा खाऊन येतो."

"बसा ना. बघा तरी."

नाइलाजाने ते समोर बसले, नजर वाडग्यावर ठेवून. चमचा आत वळलेल्या कडेला टेकला, भरला, वर गेला. वाडगा जागचा हलला नाही. दुसरा चमचा. तिसरा. पायवाल्यांची छाती फुगली. आणि मग टेबलाच्या कडेवरून थेंब पडायला लागले.

आधी त्यांना वाटलं तिच्या तोंडातून. मग त्यांनी वाडगा उचलला. तळातून सूप ठिबकत होतं, चीर फाकून चांदणीसारखी झाली होती, तिच्याभोवती झाडाच्या वयाची वर्तुळं ओली होऊन दिसत होती. वर्तुळं! त्यांना क्षणात कळलं. लाकडात उभ्या नळ्या असतात, झाड त्यांतूनच पाणी पितं. ओंडका उभा चिरून त्याच्या फाळीतून वाडगा कातला असता तर त्या नळ्या तळात आडव्या निजल्या असत्या. पायवाल्यांनी ओंडका पायासारखा धरला होता, त्यामुळे नळ्यांची तोंडं थेट तळात उघडली होती. पायात काही ओतत नाहीत, म्हणून जन्मात कधी कळलं नाही. त्यांनी बायकोसाठी टेबलाचा एक बुटका पाय कातला होता आणि त्यात सूप ओतलं होतं.

"गाढव!" ते स्वतःवर ओरडले. "जन्मभर लेथवर उभा राहिलो आणि एवढी अक्कल नाही! कसं दिसलं नाही मला? थेट मधोमध होती चीर!" वाडगा उलटासुलटा करत ते खिडकीपाशी गेले, उजेडात धरून तळ दाबायला लागले.

"अहो," बायको म्हणाली. "वाडगा ठेवा खाली. मी पण गळतेय."

त्यांनी वळून बघितलं. सूप तिच्या मांडीवर सांडलं होतं. तिसरा चमचा अर्धा बाहेर आला होता, हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून आत. घरात दुसरं कुणी नव्हतं. सून संध्याकाळी येणार होती.

"संध्याकाळी ती..." ते पुटपुटले.

"मशीन पुसलंत," ती म्हणाली. एकेक शब्द तिला ढकलून बाहेर काढावा लागत होता. "दोन दिवस. चिकट. घाण वासाचं. मी बघत होते. शीळ घालत होतात."

पायवाले अंगठ्याने वाडग्याचा तळ पुसत राहिले.

"ओट्याशी जेवता," ती म्हणाली. "तेही बघते."

त्यांनी वाडगा खिडकीत ठेवला. मागच्या खोलीत जाऊन पॉलिशसाठी जपून ठेवलेलं मऊ सुती फडकं कोमट पाण्यात भिजवून पिळून आणलं. मांडी पुसली. डावा हात, मग निर्जीव उजवा. मग गळा. लाळ ग्रीससारखी नव्हती, ती कोमट होती. त्यांनी नाकाने श्वास घ्यायचं थांबवलं, तोंडाने घेतला आणि हनुवटी पुसली, घडी उलटून पुन्हा पुसली, सुरकुत्यांमधून, ओठांच्या कडेकडेने. मग ते एक पाऊल मागे सरकले आणि सवयीने उजेडाकडे मान कलवून त्यांनी तिच्याकडे बघितलं.

बायकोने डावा हात उचलला, ओठांच्या वाकड्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली,

"इथे राहिलं."