अकरा शब्दांची वही

मला प्रश्न विचारायची खोड आहे. लग्नाआधीपासून मला फिट येतात, त्यामुळे रायपूरच्या समता कॉलनीतल्या दवाखान्यात मी जुनी पेशंट. मी आत गेले की काउंटरवरचा माणूस पुढच्याला सांगतो, "भैया, थोड़ा टाइम लगेगा." मूल हवं असं ठरवलं तेव्हाही मी प्रश्नांची यादी घेऊनच गेले. माझ्या जुन्या गोळीमुळे पोटातल्या बाळाच्या बुद्धीवर परिणाम होऊ शकतो, असं तेव्हा कळलं. डॉक्टरांनी दिवस राहण्याच्या बरंच आधी गोळी बदलली आणि बजावलं, "अपने मन से एक दिन भी बंद मत करना. दौरा पड़ा तो दोनों को खतरा है."

नऊ महिने गोळी गिळताना मला एकच कुतूहल, ही आत जाऊन नेमकं काय करत असेल? नवी गोळी पुष्कळ बरी, असं डॉक्टर म्हणाले होते. पुष्कळ म्हणजे किती, हे विचारायचं मात्र माझंसुद्धा धाडस झालं नाही.

मुलगी झाली, छान गुटगुटीत. ती बोलायला लागली तशी मी तिचा एकेक शब्द वहीत लिहायला लागले. नियम एकच, मराठी शब्दच धरायचे. आमच्या नात्यातली पोरं मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देतात, ते माझ्या घरी चालणार नव्हतं. मी दिवसभर नवा रायपूरला ऑफिसात, आणि मुलीला सांभाळायला मागच्या पाऱ्यातली, म्हणजे मागच्या वस्तीतली, एक छत्तीसगढी बाई यायची. तिलाही मी सांगून ठेवलं, पोरीशी फक्त मराठी. "हव दीदी," ती म्हणाली. तिला मराठी येते का, हे विचारायचं मला काही सुचलं नाही.

मुलीला दोन वर्षं झाली, तेव्हा वहीत अकरा शब्द होते. सासूबाईंचा अकोल्याहून फोन आला, "काहून वं, पोट्टी अजून बोलून नाही राहिली? तुया गोळ्यांनं तं नाही झालं?" मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. मी स्वतःलाही रोज तेच विचारत होते.

शेवटी मी मुलीला आणि वही घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी वही चाळून बाजूला ठेवली. "दिन भर इसके साथ कौन रहता है? अगली बार उनको लाइए."

पुढच्या वेळी त्यांनी मला बाहेर बसवलं आणि बाईला मुलीसह आत घेतलं. मी अर्थातच दाराला कान लावला. आतून माझ्या मुलीचा आवाज आला, चक्क छत्तीसगढीत, "मोला पानी दे." मग, "ये का हे?" डॉक्टर काहीतरी म्हणाले, त्यावर, "काबर?" काबर म्हणजे का. पुन्हा, "काबर?" मी धाडकन आत शिरले. मला बघताच पोरीने तोंड मिटलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

बाई खाली मान घालून म्हणाली, "दीदी, आपको मराठी चाहिए था, मेरे को आता नहीं. तो मैं इसको सिखा दी, मम्मी आए तो चुप रहना."

इतका आनंद आणि इतकी लाज मला एकाच वेळी कधी वाटली नव्हती. दोन वर्षं मी गोळीवर डोळा ठेवून होते आणि पोरीचं तोंड माझ्याच नियमाने बंद केलं होतं. डॉक्टर मात्र हुरळून गेले नाहीत. शाळेत रुळेपर्यंत तपासत राहू, म्हणाले.

आता ती चार वर्षांची आहे, तपासण्या अजून चालू आहेत, आणि रोज सकाळी मी गोळी घेताना तिचं "काबर?" चालूच असतं. पण संध्याकाळी मी दार उघडलं की ती अजूनही बोलता बोलता थांबते आणि माझ्याकडे बघते. मग मी चप्पल काढायच्या आधीच माझ्या मोडक्यातोडक्या छत्तीसगढीत विचारते, काय झालं, कुठे गेली होतीस. ती माझी चूक सुधारते आणि मग बोलत सुटते.