कावळा शिवला नाही

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू एवढी पुस्तकं वाचलीस, मग सांग, जगण्याला काही अर्थ असतो की सगळं आपलं उगीच?" फोनवर सांगण्याजोगं ते नव्हतं. म्हणून माझ्या लहानपणची एक गोष्ट आता क्रमानं लिहिते.

महायुद्ध चालू असताना मी साताऱ्याला मामाकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते. वडील उंब्रजजवळच्या एका खेड्यात शिक्षक होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी गेले, तेव्हा शेजारच्या घरी दहावा होता. त्यांचा मुलगा पलटणीत होता. ब्रह्मदेशात तो बेपत्ता झाला आणि वर्षभरानं, तो मेला असं समजावं, असा कागद आला. वडिलांनीच तो वाचून दाखवला. प्रेत नव्हतं, म्हणून दर्भाचा पुतळा करून जाळला.

त्याची बायको एकोणीस वर्षांची. मी तिला वहिनी म्हणे. पिंडाला कावळा शिवला की नदीवरच तिचं कुंकू पुसायचं आणि भावानं तिला माहेरी न्यायचं, असं ठरलं होतं. त्यांच्यात विधवेचा पाट लागत असे, म्हणजे दुसरं लग्न होत असे. भावानं एक बिजवर पाहूनही ठेवला होता. तिला कुणी विचारलं नव्हतं.

ती माझा हात सोडेना म्हणून मीही कृष्णेवर गेले. ऊन कडक होतं. आईनं वडिलांची काळी छत्री दिली होती, "मिटू नकोस" असं बजावून. गावात तेवढी एकच छत्री होती.

पिंड ठेवला, माणसं मागं सरली. बाभळीवर चार-पाच कावळे होते. एक उतरला, उड्या मारत पिंडापासून हातभर अंतरावर आला आणि फडफडून परत गेला. असं तीनदा झालं.

"आईला सांबाळतो रं दादा," दीर म्हणाला. "बैल इकत न्हाई."

कावळा येईना.

"तंबाकू ठिवा की," एक म्हातारा म्हणाला, "तंबाकूबिगर त्यो कदी जेवला व्हय?"

रडता रडता बायका हसल्या. तंबाखूही ठेवली. वहिनी मान खाली घालून बसली होती. मी तिच्यावर छत्री धरून उभी होते.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तशी सासू उठली.

"थांबा वो! जित्या माणसाच्या पिंडाला कावळा कसा शिवंल? माजा ल्योक जित्ता हाय!"

तिनं पिंड उचलून नदीत टाकला. कुंकू तसंच राहिलं. भाऊ एकटाच परत गेला.

पुढच्या उन्हाळ्यात आईनं कुरडया वाळत घातल्या आणि मला म्हणाली, "त्यांच्या बाजूला छत्री उघडून ठेव. काळं दिसलं की कावळे फिरकत नाहीत."

नदीवर मी हीच छत्री उघडी धरून उभी होते. मी आईला सगळं सांगितलं. तिनं शेजारच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "कुणाजवळ बोलू नकोस."

दोन वर्षं बोलले नाही. युद्ध संपलं होतं. गावचे बाकीचे शिपाई आले, तो आला नाही. सासू रोज वहिनीला रस्त्यापर्यंत पाठवायची. साताऱ्याला वर्गात कविता चालू असताना मला मध्येच पंखांची फडफड ऐकू यायची.

एका सुट्टीत वहिनी बांधावर गवत कापत होती, तिथं जाऊन तिला सांगितलं. तिचा विळा थांबला.

"छत्री तुज्या हातात कुनी दिली?"

"आईनं."

"आन् नदीवर तुला कुनी नेली?"

तिनंच नेलं होतं.

"मग हे समदं कुनी जुळवलं आसंल?"

"देवानं म्हणतेस?"

"मला काय ठावं? तू शिकल्याली, तूच सांग."

तिनं भारा बांधला. गाठ मारताना, माझ्याकडे न बघता विचारलं, "कावळा किती जवळ आला हुता गं? म्या मान वर केलीच न्हाई."

"लांबच होता," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भाऱ्याला हात लाव."

मी भारा तिच्या डोक्यावर चढवला आणि तिच्या मागोमाग गावात आले. सासू दारातच बसली होती.

"रस्त्यानं कोन आलं का गं?"

त्या दिवशी वहिनी रस्त्याकडे गेलीच नव्हती.

"आज न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली, आणि गवत टाकायला गोठ्यात गेली.