आमच्या ह्यांनी हलवलेला ताड

माझ्या लग्नाच्या फोटोत माझ्या गालावर तीळ नाही. प्रत्यक्षात आहे, चांगला हरभऱ्याच्या डाळीएवढा, आणि लग्नाच्या दिवशीही होता. पण नवरा पडला फोटोग्राफर, त्यात त्याला सुधारणेचा सोस. लग्नाचा फोटो काढला मित्राने, धुतला ह्यांनी, आणि धुता धुता बारीक कुंचल्याने माझा तीळ उडवला. मी विचारलं, मुलगी पसंत होती ना? तर म्हणे, मुलगी पसंतच होती, पण तीळ फोटोत डागासारखा वाटत होता. ह्या माणसावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायला हवी, हे मी त्याच दिवशी ओळखलं.

हे म्हणजे वामन चुरी. बोईसर स्टेशनाजवळ 'चुरी फोटो' अशी पाटी आहे ती आमची. राहायला आम्ही सालवडला. शहात्तर सालापासून गल्ल्यावर मी बसते आणि आत काळोख्या खोलीत हे. कारखान्यात लागणारी माणसं गेटपाससाठी फोटो काढायला यायची. एकाच्या कपाळावर मोठा व्रण होता. ह्यांनी तो इतका छान पुसला की गेटवरच्या पहारेकऱ्याने त्याला आत सोडलंच नाही. तो परत आला आणि फोटो माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "भाभीजी, ये तो मेरा छोटा भाई लगता है." मी निमूटपणे दुसरा फोटो काढून द्यायला लावला. ह्यांचं म्हणणं, पहिलाच जास्त चांगला होता!

सत्त्याण्णव साली कॉम्प्युटर आला आणि माकडाच्या हाती कोलीत मिळालं. दादरला तीन रविवार जाऊन हे फोटोशॉप शिकून आले. आधी तोंडं सुधारायचे, आता जमीन आणि आभाळ सुधारायला लागले. लोक घरातले जुने फोटो आणायचे. कोणाचं कारखान्याखाली गेलेलं शेत, कोणाची आजोबांची चिकूवाडी. फोटो पिवळा पडलेला, बुरशी चढलेली. स्कॅनरवर घातला की दोन दिवसांत हे त्यातलं भात हिरवंगार करायचे, विजेच्या तारा काढून टाकायचे, आभाळ निळं करून त्यात ढग सोडायचे. तेही एकच ढग उचलून सगळीकडे. एका वाडीवर मी सहा मोजले, सगळे जुळे भाऊ. गिऱ्हाईक मात्र खूश. एक म्हातारे तर आपलं शेत बघून रडले. मला हसू येत होतं, पण तेव्हा मी आत निघून गेले.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर नवापूरहून काशीबाई आली. दामू तांडेलाची बायको. दामू तांडेल म्हणजे होडीवरचा जाणता माणूस. गणपतीत त्याला अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. काशीबाईने पदराखालून एक फोटो काढला. भर समुद्रातून किनाऱ्याकडे बघत काढलेला. पुढे पाणी, मग काठावरचा उंच ताड, त्याच्यामागे डोंगरांची रांग. म्हणजे असावी, कारण अर्धा फोटो खाऱ्या हवेने खाल्ला होता. ताडाच्या जागी नुसता काळा धब्बा होता.

फोटो ह्यांनीच काढलेला, चौऱ्याहत्तर साली. एका कॅलेंडरवाल्याला समुद्र हवा होता, म्हणून हे दामूच्या होडीत बसून गेले आणि ओकून ओकून अर्धमेले झाले. दामूने एका जागी नांगर टाकला आणि इथून काढ म्हणून सांगितलं. ती त्याची खास जागा. पाण्याखाली खडक होता आणि त्याच्या कडेला दाढा, घोळ असे मोठे मासे मिळायचे. समुद्रात पाटी लावता येत नाही. ताड डोंगराच्या अमुक टोकाशी जुळला की ती रेष धरायची, आणि पाण्याची खोली अमुक वाव लागली की जाळं सोडायचं. असा खडक तांडेल कोणाला सांगत नाही. 'मी हाय तवर मी नेतो,' असं म्हणत त्याने पोटच्या पोराला, धर्माजीलाही सांगितला नव्हता. ह्यांना दाखवला तो ह्यांना त्यातलं ओ की ठो कळणार नाही ह्या खात्रीने. कॅलेंडर काही निघालं नाही, निगेटिव्ह मुंबईला हरवली, आणि एकुलता एक फोटो दामूने पेटीच्या तळाशी ठेवला.

आता धर्माजी होडी नेत होता आणि अर्धी रिकामी आणत होता. पाणी किती वाव ते त्याला ठाऊक होतं, रेष ठाऊक नव्हती. ताड वादळात पडला होता, पण बुंधा शिल्लक होता. त्यावर बावटा बांधला असता. पण बावटा डोंगराच्या कुठल्या टोकाशी जुळवायचा? होळीपर्यंत खडक नाही मिळाला तर होडी विकून कारखान्यात लागतो, असं त्याने घरी सांगून टाकलं होतं.

"फोटो साफ करून द्या, भाऊ," काशीबाई ह्यांना म्हणाली. "त्या होडीबिगर म्हातारा जगाचा नाय."

चार दिवस हे तहानभूक विसरले. आधी बुरशी काढायला फोटो स्पिरिटने पुसला, तर बुरशीबरोबर ताडाचा धब्बाही निघून आला. मला बोलले नाहीत. मग जे केलं ते बघून मीसुद्धा कौतुक केलं, खोटं का बोलू? लाटा चमकत होत्या, डोंगर धुतल्यासारखे, आणि दोन डोंगरांमधल्या खिंडीत, उजळ आभाळावर, एक झोकदार ताड. काशीबाईने तो फोटो डोक्याला लावून नेला.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. बावटा खिंडीत जुळवून धर्माजीने जाळं सोडलं होतं. मासा नाहीच, भलत्याच दगडांत अडकून जाळं मात्र फाटून आलं. घरी आल्या आल्या तो होडीला गिऱ्हाईक बघायला गेला. आणि दामूचं काय, मी विचारलं. ती म्हणाली, फोटो दाखवला तेव्हापासून डाव्या हाताने खाटेवर थापा मारतो, आनंद झाला असेल.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे लेन्स पुसत होते. ती लेन्स सकाळीच पुसून झाली होती.

"अहो, ताड तिथेच होता का?"

हे आधी म्हणाले, तिथेच असणार. मग म्हणाले, साधारण तिथेच. मी गल्ल्याला कुलूप लावलं आणि समोर येऊन उभी राहिले. बावीस वर्षांच्या संसारात ह्यांनी एकदाही चूक कबूल केली नव्हती. तीळसुद्धा नाही.

"ताड मी हलवला," हे खाली बघून म्हणाले. "डोंगरावर दिसत नव्हता नीट. खिंडीत शोभला."

मी काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. शोभला म्हणे! एका माणसाची होडी चालली आणि ह्यांना शोभेची पडली होती. काशीबाई मात्र रडलीही नाही, ओरडलीही नाही. तिने एवढंच विचारलं, मग म्हातारा थापा मारतो तो 'नाय' म्हणतो का? पंधरा दिवस तो माणूस खाटेवरून ओरडून सांगत होता आणि सगळे त्याला आनंद समजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अख्खा कॉम्प्युटर सहा आसनी रिक्षात घातला. स्क्रीन माझ्या मांडीवर, गोधडीत गुंडाळून, बाळंतिणीच्या पोरासारखी. प्रत्येक खड्ड्याला हे 'सांभाळ' म्हणत होते, मला नव्हे, तिला. नवापूरला पोचलो तर लाईट गेलेले. शेजारी तारापूरला एवढी वीज तयार होते आणि इथे दिव्याखाली अंधार. दुपारी लाईट आले, तोवर निम्मं गाव खिडकीत जमलं होतं.

दामूने डावा हात हलवून सगळ्यांना बाहेर काढलं. मलाही, आणि काशीबाईलाही. आत फक्त धर्माजी आणि हे. खिडकी लावली. काशीबाई माझ्या शेजारी ओट्यावर बसली आणि म्हणाली, चाळीस वर्सांत मला खडक नाय दाखवला, आता काय दाखवील!

बाहेर आम्हाला फक्त आवाज येत होता. हे विचारत, 'इथे?' आणि खाटेवर थाप. 'थोडा उजवीकडे?' थाप. 'आणखी?' थाप. ताड पडद्यावर सगळा डोंगर चालून गेला असेल. काशीबाईने माझा हात धरला होता आणि प्रत्येक थापेला दाबत होती. एकदा ह्यांचा वैतागलेला आवाज आला, "तांडेल, इथे फारच वाईट दिसतोय हो." मी कपाळावर हात मारला.

पण थाप आली नाही.

आम्ही वाट बघितली. तरीही आली नाही. मग दार उघडून धर्माजी बाहेर आला, ओट्याला टेकवलेला बावट्याचा बांबू खांद्यावर टाकला आणि आम्हाला ओलांडून सरळ किनाऱ्याकडे चालत गेला. आत जाऊन बघते तर कॉम्प्युटर बंद. दामूने डाव्या हाताने ह्यांचं मनगट पकडून ठेवलं होतं आणि दोघांचेही डोळे वाहत होते.

चौथ्या दिवशी धर्माजी दुकानात आला. गोणपाटात गुंडाळलेला दाढा माझ्यापुढे ठेवला, हाताएवढा लांब. होडी विकत नाही म्हणाला, आणि हसला. मग ह्यांना म्हणाला, बाबांनी खुणेने सांगितलंय, फोटो पुसून टाका, कॉम्प्युटरमधूनसुद्धा.

ह्यांनी मला आत चहा टाकायला पाठवलं. चहा घेऊन आले तोवर पडदा कोरा होता. आपल्या हातचं काम ह्यांनी आयुष्यात कधी फेकलेलं नाही, बिघडलेल्या प्रिंटसुद्धा माळ्यावर आहेत. मला वाटलं, आता वाईट वाटून बसतील. कुठलं काय! दोन कप चहा प्यायले.

रात्री दाढ्याचं कालवण केलं. ह्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही, गिऱ्हाइकांच्या भानगडी मला दुकानाचं शटर पडायच्या आत कळतात. म्हणून वाढता वाढता मी सहज विचारलं, शेवटी ताड कुठे होता हो?

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, भात कालवला आणि म्हणाले, "मीठ बेताचं पडलंय."